उथळ उठावातला चेहरा: संगमरवर की चुनखडक?

दगडात उथळ उठावाचा, म्हणजे फरशीतून थोडासाच वर येणारा चेहरा कोरायचा म्हटलं की बहुतेक जण आधी फोटो निवडतात, मग दगड बघायला जातात. मीही तसंच केलं. हातात छान बाजूदर्शी फोटो होता, म्हणून त्याच्या तोलाचा दगड हवा असं वाटलं आणि पांढरा संगमरवर आणला. पुढचा चेहरा चुनखडकात केला. दोन्हींत प्रत्येकी तीन-चार चेहरे झाल्यावर लिहितोय, तेव्हा हे प्रयोगशाळेतलं माप नाही, माझ्या हाताचा अनुभव आहे. तुमचा हात वेगळा असू शकतो.

खनिज म्हणून दोघे सख्खे भाऊ. दोन्ही कॅल्साइटचे, खनिजांची कठीणता मोजणाऱ्या एक ते दहाच्या मोह्स मापावर दोघे तीनच्या आसपास. फरक आहे तो कणांच्या बांधणीत. चुनखडक जमिनीखाली उष्णता आणि दाब सोसून पुन्हा स्फटिकरूप झाला की त्याचा संगमरवर होतो, आणि त्याचे कण एकमेकांत घट्ट गुंततात. त्यामुळे संगमरवरात टाकीला प्रत्येक वेळी थोडा विरोध होतो, कड मात्र धारदार राहते. बारीक कणाचा चुनखडक टाकी नेईल तिकडे येतो. पापणीची रेघ, ओठांचा कोपरा अशा जागी संगमरवराची कड जास्त विश्वासाची, हे मान्यच करायला हवं. चुनखडकात पापणी फार पातळ केली की तिचा कण सुटतो.

पण उथळ उठावात सगळा खेळ सावलीचा. माझ्या चेहऱ्यांची एकूण खोली आठ मिलिमीटर. कानापासून नाकपुडीपर्यंतचं सगळं एवढ्यात बसवायचं, म्हणजे गालाचं वळण एखाद-दीड मिलिमीटरमध्ये आटोपतं. इतक्या कमी उतारावर प्रकाश किती तिरका पडतो आणि दगड त्याचं काय करतो, यावर चेहरा दिसणार की नाही ते ठरतं. संगमरवर प्रकाश थोडा आत घेतो आणि आतून पसरवतो. पूर्ण मूर्तीत हेच त्याचं सौंदर्य, त्वचेला जिवंतपणा येतो तो त्यामुळेच. उथळ उठावात मात्र तोच गुण सावलीच्या कडा विरघळवतो. समोरून दिवा लावला की चेहरा जवळजवळ सपाट होतो. चुनखडकाचा पृष्ठभाग अपारदर्शक, कोरडा. एवढीशी पायरीसुद्धा तो दाखवतो.

संगमरवरातल्या करड्या शिरांचंही असंच. पुतळ्याच्या खांद्यावरून शीर गेली तर शोभते. उथळ उठावात ती गालावर आली की सावलीसारखी वाचली जाते, आणि तरुण चेहऱ्याला सुरकुती पडते.

एवढ्यावरही मी कदाचित संगमरवरालाच धरून राहिलो असतो. माझं मन फिरलं ते एका डागामुळे.

संगमरवराला मार लागतो. फळाला लागतो तसा. टाकी पृष्ठभागाला फार सरळ, म्हणजे काटकोनात उभी धरून जोरात घाव घातला की टोकाखालचे स्फटिक चिरडतात आणि आत बारीक भेगांचा एक पांढरा ठिपका राहतो. तो वरवर नसतो, काही मिलिमीटर आत गेलेला असतो. वैताग असा की घाव घालताना तो कळत नाही, कारण तेव्हा सगळा दगडच खरवडलेला, पांढुरका असतो. मी दगड खाली नेताना गालावर घाई केली होती. पुढे दातेरी टाकी, मग सपाट टाकी, मग कानस, सगळं नीट पार पडलं. २२० नंबरचा घासायचा कागद झाला, ४०० चा सुरू केला आणि गालाच्या मधोमध डाळीएवढा पांढरा ठिपका उगवला. पाणी लावलं तर आणखी ठळक. पुतळ्यात असता तर मी आणखी थोडा दगड काढून पुढे गेलो असतो. इथे काढायला दगडच नव्हता. ठिपका घालवायचा तर गाल खाली न्यायचा, गाल गेला की नाक, कान, केस सगळंच खाली न्यायचं, आणि हाती उरते फरशी. बघणारे त्याला तीळ म्हणतात. पांढरा तीळ कोणाला असतो?

अनुभवी माणूस म्हणेल, टाकी तिरपी धरायची, शेवटचे काही मिलिमीटर टोकाची टाकी बाजूला ठेवून दातेरी आणि सपाट टाकीनेच काढायचे. बरोबर आहे. दोष दगडाचा नव्हता, माझाच होता. पण शिकणाऱ्याच्या हातून असे घाव पडणारच, आणि चुनखडक ते पचवतो. तिथे असा पांढरा डाग सहसा दिसत नाही, फार तर एक खळगा पडतो, आणि तो त्याच दिवशी कळतो.

चुनखडकाची खोड निराळी. आत शिंपल्याचा कठीण तुकडा निघाला की टाकी त्यावरून घसरते. नेमका नाकाच्या शेंड्यावर निघाला तर हात टेकावेत. मातीची बारीक पट्टी असेल तर तिथे दगड सुटतो. म्हणून घेतानाच ओला करून बघा. वाळताना जी रेघ जास्त वेळ ओलसर राहते, तिच्यावर डोळा ठेवा. हातोडीने हलकं वाजवून बघा. नाद बद्द आला तर आत भेग असण्याची शक्यता धरा. थर कुठून कुठे जातात तेही विचारून घ्या.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. पाटीच्या दगडात रेषा सुंदर येते, पण थर सुटतात. सोपस्टोन मऊ, सरावाला उत्तम, पण नखाने ओरखडा पडेल. वालुकाश्माच्या धुळीत सिलिका, त्यामुळे नुसता रुमाल बांधून त्याला हात लावू नका. मास्क तसा सगळ्यांनाच हवा.

संगमरवराच्या बाजूने सगळ्यात मोठा पुरावा इटालियन शिल्पकार डोनातेल्लोचा. १४१७ च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये त्याने संत जॉर्ज आणि ड्रॅगनचा जो उठाव संगमरवरात केला, त्यातले काही भाग जवळजवळ रेखाटनाइतके उथळ आहेत. तो दगड हे करू शकतो, यात वाद नाही. पण प्राचीन इजिप्तच्या थीब्जमधल्या रामोसे या वजिराच्या थडग्यातले चुनखडकाचे चेहरे बघा. इसवीसनपूर्व चौदाव्या शतकातले, बरेचसे न रंगवलेले, फक्त डोळ्यांना काळी रेघ. विगाची प्रत्येक बट सावलीने वेगळी होते. मी माझा पुढचा फोटो त्यांच्याकडे बघून निवडला.

तरीही संगमरवरच घ्यायचा असेल तर शिरा नसलेला, बारीक कणाचा घ्या आणि शेवट चकचकीत न करता मॅट ठेवा. आणि फरशीच्या मागच्या बाजूला मुद्दाम एक सरळ, जोराचा घाव घालून ती जागा ४०० च्या कागदाने ओली घासा. जे दिसेल ते बघून मग पुढची बाजू वर करा.