आजोबांच्या मेडल्सची फ्रेम करून घेतली, दुकान राजवाड्याच्या मागच्या गल्लीत

आजोबा ७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर होते, त्यांचा पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं मेडल इतकी वर्षं आजीच्या पत्र्याच्या डब्यात सुपारीच्या अडकित्त्याशेजारी पडून होती, शेवटी मीच काचेची खोल फ्रेम करायला दिली. काम छान झालंय, मागे गडद हिरवं मखमल, मेडल काचेला टेकत नाही, १८०० घेतले ते ठीक.

पण पहिल्यांदा दुकानदाराने क्रमच उलटा लावला होता हो! खरं तर बघणाऱ्याच्या डावीकडून स्टार आधी, मग संग्राम, २५ व्या वर्षाचं शेवटी असं हवं. गणवेशावरही सगळ्यात मानाचं मेडल छातीच्या मध्याकडच्या बाजूला येतं. सांगितल्यावर त्याने काही न बोलता दुसऱ्या दिवशी बदलून दिलं, एक्स्ट्रा पैसे नाहीत.

राग एकाच गोष्टीचा, न विचारता स्टारला पॉलिश मारलं, तो जुना काळपट रंग गेला तो गेलाच. देताना "घासायचं नाही" असं बिलावरच लिहून घ्या. आणि कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं ते मखमलीत रुतून दिसेनासं होतं, म्हणून मी आधीच मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत. फिती मात्र जुन्याच ठेवायला लावल्या, एकीवर हळदीचा डाग आहे, आजी म्हणाली राहू दे.

साडेतीन स्टार.