'रेस-कट' ड्रायव्हर म्हणून झिजलेला माल: स्नोमोबिलवाल्यांनो, जपून

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या भागात राहून आपल्यापैकी जे कोणी स्नोमोबिल पळवतात (थोडे आहोत, पण आहोत), त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक माणूस ट्रॅकचे (गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचे) जुने, झिजलेले ड्रायव्हर, म्हणजे तो पट्टा ओढणारी दातेरी चाकं, घासूनपुसून 'रेस-कट' (शर्यतीसाठी खास कापलेले) म्हणून ऑनलाइन विकतोय. आम्हाला त्याने १८० डॉलरचा चुना लावला. पैशांचं एक वेळ सोडून देऊ, पण हा पार्ट बसतो कुठे ते बघता, कुणाचा तरी पाय मोडायच्या आत हे सांगितलेलं बरं.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनची ताकद क्लच, बेल्ट आणि चेनकेसमधून (साखळीच्या डब्यातून) पुढच्या आडव्या शाफ्टवर येते. त्या शाफ्टवर दातेरी चाकं असतात, तेच ड्रायव्हर. ते रबरी ट्रॅकला ओढतात. साध्या ड्रायव्हरचे दाते ट्रॅकच्या आतल्या रबरी गुठळ्यांना ढकलतात. फिरायला जायचं असेल तर तेवढं पुरतं. पण गवतावरची ड्रॅग, म्हणजे गवतावर स्नोमोबिलची सरळ रेषेतली शर्यत, हा ५०० फुटांचा खेळ, सगळा जोर सुटतानाच लागतो. तेव्हा त्या गुठळ्या दात्यांवरून उड्या मारायला लागतात आणि खालून कडकड आवाज येतो. म्हणून रेसवाले ट्रॅकच्या खिडक्यांतून (ट्रॅकला असलेल्या भोकांतून) थेट आरपार जाणाऱ्या दात्यांचे ड्रायव्हर लावतात.

सप्टेंबरात, लेबर डेनंतरच्या शनिवार-रविवारी, मिनेसोटातल्या नॉर्थ ब्रँचला 'हे डेज' हा स्नोमोबिलवाल्यांचा मेळा भरतो, तिथे ही ड्रॅग होते. त्याच्या आधी गाडी तयार करायची म्हणून मी आणि माझा शेजारी असे ड्रायव्हर शोधत होतो. आमचा ट्रॅक १२१ इंची, पिच (दोन गुठळ्यांमधलं अंतर) २.५२ इंच, म्हणजे ४८ गुठळ्या. इथे तडजोड चालत नाही. २.८६ किंवा ३ इंच पिचचा ड्रायव्हर २.५२ च्या ट्रॅकवर 'थोडा ॲडजस्ट करून' बसत नाही, कुणी कितीही सांगो. आम्हाला नऊ दात्यांची जोडी हवी होती आणि याच्याकडे नेमकी तीच होती. 'सलग ठोकळ्यातून मशीनवर कापलेली, एकाच सेटची, एक सीझनसुद्धा वापरलेली नाही.' बोलणं असं गोड, की क्लचच्या स्प्रिंगवरही फुकट सल्ला देऊन झाला. आणि शेवटी नेहमीचं ठेवणीतलं वाक्य: अजून दोघांनी मागितलेत.

आम्ही माप मागितलं. त्याने फोटो पाठवला: ड्रायव्हर निळ्या रबरी मॅटवर, त्याला व्हर्नियर (जबड्यांत धरून माप घ्यायचं साधन) लावलेला, आकडा स्पष्ट दिसतोय. फोटो बघून कुणाचंही समाधान व्हावं. पण नऊ हा विषम आकडा आहे. एका दात्याच्या बरोबर समोर दाता येतच नाही, खाच येते. म्हणजे दात्याच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत असं माप नऊ दात्यांच्या चाकाला घेताच येत नाही. व्हर्नियरचा एक जबडा दात्यावर होता आणि दुसरा शेजारच्या दात्याच्या कडेला तिरका टेकवलेला. तो आकडा कशाचाच नव्हता. मोजायचं असेल तर मधल्या षटकोनी भोकाच्या कडेपासून दात्याच्या टोकापर्यंत मोजावं. नऊ दाते म्हणजे दात्यामागे ४० अंश, षटकोनाच्या बाजूमागे ६०. त्यामुळे दर तिसरा दाता भोकाच्या कडेला सारखाच पडतो. तीन ठिकाणी तेच माप आलं तर चाक गोल आहे. आमच्या एका ड्रायव्हरला तीन ठिकाणी तीन मापं आली.

पार्सल उघडल्यावर पहिल्यांदा बोटं काळी झाली. प्लास्टिकवर कसलासा काळा रंग चोपडला होता. तो पुसल्यावर दात्यांच्या बाजूंवर पॉलिश पेपरचे उभे-आडवे ओरखडे दिसले. झिजून हुकासारखी वळलेली कडा घासून सरळ केलेली. आणि जिथे पेपर पोचत नाही, त्या भोकाच्या आतल्या अंगाला, मोल्डची पार्टिंग लाईन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणारी रेघ) तशीच. मशीनवर कापलेल्या मालाला ही रेघ कुठून येणार? पुण्याच्या जुन्या बाजारातला माणूससुद्धा बेअरिंग विकताना फिरवून दाखवतो आणि 'जुनं आहे' म्हणून सांगतो हो.

दोन्ही ड्रायव्हर शाफ्टवर चढवले तेव्हा खरी गंमत कळली. दोन्हींचे दाते एका रेषेत यायला हवेत. नऊ दात्यांचा ड्रायव्हर षटकोनी शाफ्टवर एक बाजू फिरवून बसवला तर दाते अर्ध्या खाचेने सरकतात, म्हणून चुकीचा बसला तर काढून पुन्हा घालायचा, एवढंच. आम्ही सगळ्या बाजू फिरवून पाहिल्या. एक ड्रायव्हर दुसऱ्यापेक्षा जवळजवळ ५ अंश पुढेच राहिला. ट्रॅकवर त्याचे होतात ८ मिलिमीटर. म्हणजे ही जोडी मुळात जोडीच नव्हती, दोन वेगळ्या गाड्यांतून निघालेले दोन नग होते. असे ड्रायव्हर लावले की सगळा ओढा एकाच बाजूला येतो, ट्रॅक तिरका चालतो आणि सुटतानाच्या जोरात खिडकीची कड फाटते. खिळे मारलेला ट्रॅक त्या वेगात फाटला तर मागे उभं असलेल्याचं काय होईल ते सांगायला नको. हे घालून गाडी सुरूच केली नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुम्हाला बसवता आले नाहीत. मग म्हणाला, वापरलेला माल 'ॲज इज', म्हणजे आहे तसा घ्यायचा, असतो. 'सीझनसुद्धा वापरलेली नाही' या त्याच्याच मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला, तेव्हा ब्लॉक केलं. पैसे त्याने पेपॅलच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली'तून मागितले होते, 'फी कशाला घालवायची' म्हणून. त्या मार्गाने गेलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण लागू होत नाही आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. माणूस दुसऱ्या राज्यातला, त्यामुळे १८० डॉलरसाठी कोर्टात जायचं तर पेट्रोलच जास्त जाईल. एफबीआयच्या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून ठेवली आहे. कुणाला असाच अनुभव आला असेल तर त्यांनीही नोंदवा, एकाच नावावर चार तक्रारी दिसल्या तर कुणी तरी फाइल उघडेल.

जाहिरात अजून चालू आहे, नाव बदलून. निळी मॅट तीच, तिरका व्हर्नियरही तोच. या वेळी खाली लिहिलंय 'दहा दाते'. फोटोत मोजा, नऊच आहेत.