आम्लही आणि केरोसीनही: एसएक्स प्लांटच्या टाक्या कशाच्या घ्याव्यात?

मागच्या महिन्यात रबाळ्याला एका जुन्या सहकाऱ्याने माझ्या टेबलावर चार कोटेशनं ठेवली. तळोजा एमआयडीसीत तो जुन्या लिथियम बॅटऱ्यांतून कोबाल्ट आणि निकेल काढायचा छोटा प्लांट टाकतोय. एक कोटेशन आतून रबर लायनिंग केलेल्या एमएस, म्हणजे साध्या पोलादाच्या टाक्यांचं, एक एचडीपीईचं, म्हणजे काळ्या प्लास्टिकचं, एक ३१६एल स्टेनलेसचं आणि एक एफआरपीचं, म्हणजे काचेच्या धाग्यांवर रेझिन (घट्ट होणारी राळ) चढवून केलेलं, आपल्या बोलीत फायबरचं. म्हणाला, "स्वस्तातलं काळ्या टाक्यांचं आहे. घेऊन टाकू?" मी विचारलं, टाकीत भरणार काय? "आम्ल," तो म्हणाला. बहुतेकांची गाडी इथेच चुकीच्या फाट्याला लागते.

सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनमध्ये, म्हणजेच एसएक्समध्ये, टाकीत नुसतं आम्ल नसतं. मिक्सरमध्ये धातू विरघळलेलं पाणी आणि केरोसीनसारख्या तेलात मिसळलेलं एक्स्ट्रॅक्टंट, म्हणजे धातू पकडणारं रसायन, एकत्र घुसळतात. ताक घुसळावं तसंच, फक्त इथे लोण्याऐवजी धातू वर तेलात जातो. मग सेटलरमध्ये दोन थर निवांत वेगळे होतात: वर ऑर्गॅनिक म्हणजे तेलाचा, खाली ॲक्वियस म्हणजे पाण्याचा. पुढच्या टप्प्यात तोच धातू जोरकस सल्फ्युरिकने तेलातून परत पाण्यात उतरवायचा. तांब्याच्या प्लांटात हे स्ट्रिपिंगचं आम्ल लिटरला १५० ते १८० ग्रॅमच्या घरात असतं. कोबाल्टसाठी सायनेक्स २७२ हे एक्स्ट्रॅक्टंट वापरायचं तर पीएच सांभाळायला कॉस्टिक सोडाही येतो. म्हणजे एकाच लाइनीत आम्ल, अल्कली आणि तेल. टाकीला तिघांशी जमवून घ्यावं लागतं आणि चार कोटेशनांपैकी तिघांचं यातल्या कुणा एकाशी तरी वाकडं आहे.

काळी टाकी

एचडीपीईला पातळ आम्ल काही करत नाही, कॉस्टिकही नाही. भाव चांगला, जागेवर वेल्डिंग होतं. पण केरोसीन ती हळूहळू पिते. प्लास्टिक फुगतं, मऊ पडतं. मी एका प्लांटात कमी झालेलं ऑर्गॅनिक भरून काढायला ठेवलेली अशी टाकी पाहिली आहे. पहिला मे महिना आला आणि टाकी खालच्या तिसऱ्या हिश्श्यात पोटुशी दिसायला लागली. सकाळी फिटरने नॉझलला पाना लावला तर नॉझल पान्याबरोबर वळायला लागलं. टाकी फुटली नाही हे नशीब. ॲक्वियस फीड, रॅफिनेट (धातू काढून उरलेलं पाणी), ईटीपीचं म्हणजे सांडपाणी प्रक्रियेचं पाणी, पातळ कॉस्टिक यांना एचडीपीई बिनधास्त घ्या. तेल जिथे तासन्‌तास उभं राहणार तिथे नको.

पॉलिप्रॉपिलीनचंही थोड्याफार फरकाने तेच. पीपी लायनिंग आणि बाहेरून एफआरपी अशा टाक्या आपल्याकडे खूप चालतात आणि हायड्रोक्लोरिकला त्या छानच. पण आतल्या पीपीला गरम केरोसीन आवडत नाही. त्या जागी पीव्हीडीएफ हे तेलालाही टिकणारं प्लास्टिक लावलं तर प्रश्न मिटतो, फक्त मग कोटेशनकडे बघवत नाही.

रबर लायनिंग

जुन्या लोकांचा यावर फार जीव, आणि तो उगाच नाही. हायड्रोक्लोरिकच्या टाक्या रबर लायनिंगवर पिढ्यान्‌पिढ्या चालल्या आहेत. पोलादाचं बळ असतं, कुणी वर उभं राहिलं तरी चिंता नाही, नॉझलवर जड व्हॉल्व्ह टांगता येतो. पण नैसर्गिक रबर आणि केरोसीन यांचं उभं वैर. ठाणे-बेलापूर रोडच्या एका कारखान्यात आम्लाची रबर लाइन्ड टाकी रिकामी होती म्हणून शटडाउनमध्ये घाईने ऑर्गॅनिक साठवायला वापरली. काही महिन्यांनी मॅनहोल उघडलं तेव्हा लायनिंग भिजलेल्या पापडासारखं लोंबत होतं. कठीण इबोनाइट किंवा नायट्राइल रबर तेलाला जास्त टिकतं, पण मग ऑर्डरवर रबराचा प्रकार नावानिशी लिहून घ्यायला हवा. नुसतं "रबर लायनिंग" लिहिलं की जे हाताशी असेल ते लागतं.

दुसरी अडचण अशी की रबराला सुईएवढं छिद्र पडलं तरी बाहेरून कळत नाही. आम्ल मागे शिरतं आणि पोलाद आतून खातं. कळतं तेव्हा टाकीच्या खाली ओलं असतं. म्हणून स्पार्क टेस्ट, म्हणजे विजेच्या ठिणगीने छिद्र शोधायची चाचणी, तुमच्यासमोर करून घ्यायची. वर्कशॉपला फोन करून "झाली का?" एवढं विचारण्याने भागत नाही.

स्टेनलेस

केरोसीनशी भांडण नाही, अर्थिंग सोपं, शेवटी भंगारवाला रांगेत उभा. ३१६एल तांब्याच्या सल्फेट द्रावणातही तग धरतं, कारण द्रावणातलं तांबंच त्याच्या पृष्ठभागावरचा संरक्षक थर टिकवायला मदत करतं. पण क्लोराइड आलं की खड्डे पडायला सुरुवात होते, वेल्डच्या बाजूला आधी. तुम्ही लीचिंग, म्हणजे बॅटरीतले धातू आम्लात विरघळवणं, हायड्रोक्लोरिकने करणार असाल तर स्टेनलेसचं पान फाडून टाका. आणि बाहेरूनही लक्ष असू द्या. ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत खाडीची खारट हवा आहे, एक पावसाळा झाला की चकचकीत टाकीवर चहा सांडल्यासारखे डाग उमटतात. ते पुसता येतात, आतले खड्डे पुसता येत नाहीत.

फायबर

माझं मत लपवत नाही: मिक्सर-सेटलरसाठी व्हिनाइल इस्टर रेझिनची एफआरपी टाकी. आम्ल, केरोसीन, क्लोराइड, खाडीची हवा या सगळ्यांशी एकदम जमवून घेणारी चौघांत हीच. घनता पोलादाच्या पाव हिश्श्याहून थोडी कमी, त्यामुळे हायड्रा क्रेनने जागेवर बसते. सेटलरचे वियर, लाँडर, पिकेट फेन्स, हे आतले सगळे भाग हव्या त्या आकारात साच्यावर निघतात.

पण "एफआरपी" या एका शब्दाखाली जमीन-अस्मानाचा फरक लपलेला असतो. दोन कोटेशनं शेजारी ठेवा, दोन्हींत १० मिलिमीटर जाडी लिहिलेली असते, आणि एक टाकी वीस वर्षं जाते, दुसरी तीन. टाकीचं नशीब आतल्या पहिल्या तीन मिलिमीटरमध्ये ठरतं. सगळ्यात आत वेल असतो, पातळ जाळीचा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला थर, जवळजवळ नव्वद टक्के रेझिन. त्यामागे चॉप्ड स्ट्रँड मॅटचे, म्हणजे काचेच्या तोडलेल्या धाग्यांच्या चटईचे, दोन-तीन थर, तेही रेझिनने भरपूर भिजवलेले. हे दोन्ही मिळून आम्ल अडवतात. बाकीचे सात मिलिमीटर रोव्हिंगचे, म्हणजे अखंड काचधाग्यांचे, त्यांचं काम फक्त भार सहन करणं. आतला थर गेला की आम्ल थेट काचेच्या धाग्यांपाशी पोचतं, आणि साधी ई-ग्लास ताणाखाली आम्लात तुटते.

बॅटरीवाल्यांनी इथे खास थांबायला हवं. लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये आणि बाइंडरमध्ये फ्लोरिन असतं, ते लीच द्रावणात फ्लोराइड म्हणून उतरतं, आणि फ्लोराइड आम्लात काच खातं. कॉस्टिकचंही काचेशी पटत नाही. म्हणून आतला वेल सी-ग्लास या काचेचा नको, सिंथेटिक घ्या, शक्यतो दोन थर. माझ्या मित्राच्या कोटेशनमध्ये सी-ग्लास लिहिलं होतं. फॅब्रिकेटरची चूक नव्हती, त्याला कुणी फ्लोराइडबद्दल सांगितलंच नव्हतं.

रेझिनमध्ये आयसोफ्थॅलिक पॉलिएस्टर स्वस्तातलं. ते पाण्याच्या टाकीला ठीक, इथे नको. बिसफेनॉल-ए व्हिनाइल इस्टर बहुतेक ठिकाणी पुरतं. डायल्युअंटमध्ये, म्हणजे एक्स्ट्रॅक्टंट ज्यात मिसळतात त्या तेलात, ॲरोमॅटिक भाग जास्त असेल किंवा तापमान चढणार असेल तर नोव्होलॅक व्हिनाइल इस्टर. रेझिनचा ग्रेड, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख मागा. व्हिनाइल इस्टरचं आयुष्य महिन्यांत मोजतात, आणि पत्र्याच्या गोडाऊनमध्ये मे महिन्यात ते आणखी घटतं.

आता तपासणी. यात मी थोडा हट्टी आहे. टाकी तयार झाल्यावर रंग लावण्याआधी वर्कशॉपला जा, शक्यतो संध्याकाळी. माणसाला टॉर्च घेऊन आत पाठवा, तुम्ही बाहेर उभे राहा. रंगद्रव्य नसलेलं लॅमिनेट आतल्या उजेडाने मधासारखं पिवळसर उजळतं, आणि त्यात हवेचे बुडबुडे, कोरडी मॅट, कुठे राहिलेला कचरा, सगळं दिसतं. व्हिनाइल इस्टरमध्ये एमईकेपी हे घट्ट करणारं रसायन घातलं की फेस येतो. तो बसू न देता काम रेटलं की तेच बुडबुडे कायमचे आत राहतात. रंगवलेल्या टाकीत हे कधीच दिसणार नाही, म्हणून "सर, रंग आधीच मारून ठेवला" असं कुणी म्हटलं तर मी दोन पावलं मागे सरकतो. मग आतल्या पृष्ठभागावर ॲसिटोनने ओला बोळा फिरवा. चिकट लागलं तर क्युअरिंग, म्हणजे रेझिन घट्ट होणं, अर्धवट आहे. कडकपणा मोजणारा बारकोल मीटर ३०-३५ च्या आसपास किंवा वर दाखवायला हवा, नेमका आकडा रेझिन कंपनीच्या कागदावर असतो. जुलैमध्ये बनणारी टाकी असेल तर हे दोनदा करा, दमट हवेत क्युअरिंग हमखास बिघडतं.

फायबरच्या तक्रारी जवळजवळ नेहमी नॉझलपाशी सुरू होतात. एका प्लांटात नव्या टाकीच्या तळाच्या आउटलेटला फिटरने स्टीलचा व्हॉल्व्ह बसवला. एफआरपीची फ्लँज सपाट तोंडाची, व्हॉल्व्हची मधे उंचवटा असलेली. त्याने आपल्या सवयीने बोल्ट करकचून आवळले. फ्लँजच्या मागच्या गळ्याला केसाएवढी भेग पडली. पहिल्या दिवशी थेंब, तिसऱ्या दिवशी हिरवी रेघ, आठव्या दिवशी शटडाउन. दोष टाकीचा नव्हता. पूर्ण तोंडाचं मऊ गॅस्केट, मधे स्पेसर, टॉर्क रेंच आणि व्हॉल्व्हला स्वतःचा सपोर्ट, एवढं हवं होतं. नॉझलसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाची कापलेली कड रेझिनने बंद केली आहे का तेही बघा. उघड्या धाग्यांतून आम्ल दिव्याच्या वातीसारखं चढतं.

तळही तसाच. सपाट तळाची टाकी उंचसखल प्लिंथवर ठेवली की भरल्यावर कोपऱ्यात तडकते. खाली ग्राउट नीट सपाट करून घ्या, मग टाकी.

आग

आगीच्या बाबतीत फायबर जिंकत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऑलिम्पिक डॅमचा एसएक्स विभाग डिसेंबर १९९९ मध्ये जळला आणि दुरुस्त होऊन पुन्हा ऑक्टोबर २००१ मध्ये जळला. त्यानंतर प्लास्टिकच्या पाइपांत तेल वाहताना साठणारी स्थिर वीज हा या धंद्यातला कळीचा विषय झाला. एफआरपी आणि एचडीपीई दोन्ही विजेचे निरोधक. म्हणून ऑर्गॅनिकच्या टाकीत कार्बन वेल किंवा अर्थिंगला जोडलेली वाहक पट्टी मागा, आणि तेल वरून धबधब्यासारखं सोडू नका, डिप पाइप तळापर्यंत न्या. ब्रोमिनयुक्त रेझिनने आग पसरण्याचा वेग कमी होतो, टाकी अग्निरोधक होत नाही. फोम आणि स्प्रिंकलरचा खर्च याच हिशोबात धरा. एमएस आणि स्टेनलेस इथे सरळसरळ पुढे आहेत.

डायल्युअंट निवडतानाही टाकीचाच विचार करा. साधं केरोसीन पेट्रोलियम कायद्याने वर्ग ब, म्हणजे फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेटू शकते तो) २३ ते ६५ अंशांमधला. परवान्याशिवाय २,५०० लिटरपर्यंतच, आणि एकेक भांडं १,००० लिटरच्या वर नाही. फ्लॅश पॉइंट ६५ च्या वर असलेलं डायल्युअंट वर्ग क मध्ये जातं, तिथे मर्यादा ४५,००० लिटर आहे. लिटरमागे थोडे जास्त पैसे जातात, पण झोप लागते.

आणि एक टाकी फायबरची अजिबात घेऊ नका: ९८ टक्के सल्फ्युरिकची. ते आम्ल रेझिन जाळून काळं करतं. त्याला साधी, बिनलायनिंगची एमएस टाकीच लागते, आणि तोंडाला ओल शोषून घेणारा ब्रीदर. हे ऐकून मित्र दचकला. सगळ्यात जहाल आम्ल आणि सगळ्यात साधं लोखंड! पण त्या तीव्रतेला लोखंडावर सल्फेटचा थर बसतो आणि तोच त्याला वाचवतो. पाणी शिरलं की मात्र खेळ संपला.

शेवटी त्याने सगळं एकाच कोटेशनवर टाकलं नाही. मिक्सर, सेटलर, स्ट्रिपिंग आणि लोडेड (धातू घेतलेल्या) ऑर्गॅनिकच्या टाक्या व्हिनाइल इस्टरच्या, आत सिंथेटिक वेलचे दोन थर, ऑर्गॅनिकच्या बाजूला वाहक पट्टी. रॅफिनेट आणि ईटीपी एचडीपीईत. सल्फ्युरिक आणि ताजं डायल्युअंट एमएसमध्ये. रबर आणि स्टेनलेस परत. पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) मी एक ओळ वाढवायला लावली: मॅनहोल कापल्यावर निघणारी चकती टाकी नंबर टाकून आम्हाला द्यायची. तिच्या कडेवर थर मोजता येतात, तुकडा भट्टीत जाळून काच किती आणि रेझिन किती हे वजन करता येतं. पहिल्या टाकीची चकती मागच्या शनिवारी आली. वेलचे दोन थर होते, पण मॅट तीनऐवजी दोनच निघाल्या. फॅब्रिकेटरने कुरकुर केली, मग टाकी परत साच्यावर चढवली.