नॉर्वेचा ट्रेड बॅलन्स (निर्यात वजा आयात) बघायला एसएसबीचं टेबल: फुकट आहे आणि पेड ॲपपेक्षा कैक पटीने बरं (४/५)

आधी एका पेड डेटा ॲपचं सबस्क्रिप्शन होतं माझ्याकडे, नाव नको, पण त्यात ट्रेड बॅलन्सचा एक निळा चार्ट आणि खाली 'सरप्लस' (म्हणजे निर्यात जास्त) एवढंच, आणि त्याच्या भरवशावर मी प्रेझेंटेशनमध्ये ठोकून दिलं की नॉर्वेचा एक्सपोर्ट सगळ्याच बाजूंनी दणदणीत आहे. एकाने शांतपणे विचारलं, तेल-गॅस बाजूला काढलं तर किती उरतं? बोंबला. त्याच रात्री एसएसबीच्या म्हणजे नॉर्वेच्या सांख्यिकी खात्याच्या साइटवर गेले आणि ॲप बंद करून टाकलं.

दर महिन्याच्या मध्याला मागच्या महिन्याचे आकडे येतात, इंग्लिशमध्ये, लॉगिन वगैरे काही भानगड नाही. कच्चं तेल वेगळं, गॅस वेगळा, कंडेन्सेट (गॅसबरोबर निघणारं हलकं तेल) वेगळं, जहाजं आणि प्लॅटफॉर्म वेगळे, मग जे उरतं ते मेनलँड, म्हणजे सामन मासा, ॲल्युमिनियम, मशिनरी असलं सगळं. या मेनलँडचा बॅलन्स बघा एकदा, महिन्यामागून महिने तूटच तूट! एकूण आकडा तेल आणि गॅसने झाकलेला असतो हो. जहाजं-प्लॅटफॉर्म का वेगळे ठेवलेत ते मला आधी कळेना, पण परदेशात बांधलेला एकच प्लॅटफॉर्म आयातीत धरला की त्या महिन्याचा आकडा भलताच फुगतो आणि आपण उगाच विचार करत बसतो की लोकांनी अचानक एवढं काय विकत घेतलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तेलाचे बॅरल किती आणि सरासरी भाव किती हे दोन्ही मिळतं, त्यामुळे निर्यात पडली तर माल कमी गेला की भाव कोसळला हे लगेच कळतं. २०१४ च्या मध्यात ब्रेंट (उत्तर समुद्रातलं कच्चं तेल, ज्याचा भाव जगभर प्रमाण धरतात) बॅरलला ११० डॉलरच्या वर होतं आणि जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली, पण टेबल क्रोनमध्ये, म्हणजे नॉर्वेच्या चलनात आहे आणि तेलाबरोबर क्रोनही घसरला होता, म्हणून इथे पडझड डॉलरच्या चार्टइतकी खोल दिसत नाही, हे ध्यानात ठेवा नाहीतर फसाल. २०२२ उलटं, रशियाचा पाइपलाइन गॅस आटला, युरोपात भाव भडकले आणि नॉर्वेच्या गॅस निर्यातीचं मूल्य कच्च्या तेलाच्याही पुढे गेलं, गॅस मात्र आधीपेक्षा थोडाच जास्त गेला होता.

आता एक स्टार का कापला. कॉलम निवडायची स्क्रीन कटकटीची आहे, पहिल्या वेळी मी तीनदा चुकीची फाइल डाउनलोड केली. ताजे आकडे नंतर सुधारतात, म्हणून जुनी एक्सेल तशीच वापरू नका. आणि हे फक्त वस्तूंचं टेबल आहे, १९९६ पासून ज्या ऑइल फंडात (तेल-गॅसच्या कमाईच्या सरकारी गुंतवणूक निधीत) पैसा जातोय त्याचं परदेशातून येणारं व्याज-डिव्हिडंड इथे सापडणार नाही, त्यासाठी करंट अकाउंटचं (वस्तूंबरोबर सेवा आणि असलं परदेशी उत्पन्नही धरणारं) टेबल वेगळं उघडावं लागतं, आणि त्या टेबलची लिंक या पानावर ठळक दिली असती तर पाचही स्टार दिले असते.