ल्युपस मेंदूपर्यंत पोहोचला आहे का? साधा एमआरआय आणि प्रगत तपासण्या यांची तुलना

ल्युपस या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. त्याच्या रुग्णाला फिट आली, भास होऊ लागले किंवा विसरभोळेपणा वाढला, की त्यामागे ल्युपसच आहे का, हे ठरवणे अवघड असते. 1999 साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने ल्युपसमधील मज्जासंस्थेच्या आणि मानसिक विकारांचे 19 प्रकार निश्चित केले. मात्र त्यांतील बहुतेक ल्युपस नसलेल्यांनाही होतात. त्यामुळे केवळ स्कॅन पाहून निदान पक्के करता येत नाही, आणि कोणती तपासणी करायची हे ठरवताना ही मर्यादा आधी लक्षात घ्यायला हवी.

सुरुवात नेहमीच्या एमआरआयनेच करावी, असे माझे ठाम मत आहे. ताजा पक्षाघात, रक्तस्राव, संसर्गाची गाठ किंवा मेंदूला आलेली सूज, म्हणजे ज्यांवर तातडीने उपचार करावे लागतात अशा गोष्टी, त्यात चांगल्या दिसतात. रुग्ण अत्यवस्थ असेल आणि रक्तस्रावाची शंका असेल, तर आधी सीटी स्कॅन होतो, कारण तो काही मिनिटांत उरकतो. एमआरआयची उणीव दुहेरी आहे: लक्षणे स्पष्ट असूनही अनेकदा तो निर्दोष येतो, आणि उलट, काहीही त्रास नसलेल्या ल्युपसच्या रुग्णांतही पांढरे ठिपके दाखवतो. असे ठिपके वाढते वय, उच्च रक्तदाब आणि अर्धशिशी यांमुळेही येतात. म्हणून अहवालात त्यांचा उल्लेख दिसताच ल्युपस मेंदूत शिरला असे मानू नये.

प्रगत तपासण्यांचे आकर्षण वाटते ते याच उणिवेमुळे. डिफ्युजन टेन्सर इमेजिंग पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजून मज्जातंतूंच्या जुडग्यांची अखंडता तपासते, तर एमआर स्पेक्ट्रोस्कोपी मेंदूतील रसायनांचे प्रमाण पाहते. त्यात एनएए (चेतापेशींत आढळणारे एक रसायन) कमी आढळणे हे चेतापेशींची हानी किंवा बिघाड सुचवते. या दोन्हींत किरणोत्सर्ग नसतो आणि साध्या एमआरआयमध्ये न दिसणारे बदल त्या टिपू शकतात. परंतु हे बदल प्रामुख्याने रुग्णांच्या गटांची तुलना करताना ठळक होतात. एका व्यक्तीचा आकडा असामान्य ठरवायला सर्वमान्य मर्यादा नाही, आणि वेगवेगळ्या यंत्रांवरील आकडे सरळ जुळवता येत नाहीत. संशोधनासाठी मोलाची असलेली ही साधने उपचाराचा निर्णय एकट्याने पेलण्याइतकी अजून पक्व झालेली नाहीत.

पेट स्कॅन मेंदूतील ग्लुकोजचा वापर दाखवतो, आणि साधा एमआरआय निर्दोष असतानाही त्यात बिघाड दिसू शकतो. व्यवहारात मात्र एक अडचण हमखास येते. ल्युपसच्या रुग्णाला बहुधा स्टिरॉइड चालू असते, त्याने रक्तातील साखर वाढते, आणि साखर जास्त असली की या तपासणीसाठी टोचलेले एफडीजी हे ग्लुकोजसारखे द्रव्य मेंदूत कमी शोषले जाऊन प्रतिमा फिकी पडते. तपासणीआधी काही तास उपाशी राहावे लागते, ते यासाठीच. शिवाय किरणोत्सर्ग होतो, त्यामुळे गरोदरपणात ही तपासणी शक्यतो टाळतात. रक्तप्रवाह दाखवणारा स्पेक्ट स्कॅनही संवेदनशील आहे. पण लक्षणे नसलेल्यांतही तो असामान्य येत असल्याने त्यावर एकट्याने भिस्त ठेवू नये.

ल्युपसने मूत्रपिंडे बाधित असतील, तर एमआरआयमध्ये गॅडोलिनियम (प्रतिमा ठळक करण्यासाठी टोचायचे द्रव्य) देण्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) तपासलेला असावा आणि सुरक्षित गटातील द्रव्य निवडावे.

या सर्वांत निवड करायची, तर मी एकच निकष लावेन: निकालाने उपचार बदलणार आहेत का? दाह असल्यास स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली जातात. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांमुळे गुठळ्या होत असल्यास रक्त पातळ ठेवणारी औषधे लागतात. आणि संसर्ग असताना प्रतिकारशक्ती आणखी दाबली, तर ते जिवावर बेतू शकते. हा फरक करण्यासाठी पाठीतून पाणी काढून केलेली तपासणी आणि रक्तातील प्रतिपिंडे अनेकदा महागड्या स्कॅनपेक्षा अधिक उपयोगी ठरतात. लक्षणे गंभीर आहेत, या तपासण्यांतूनही उलगडा होत नाही आणि संधिवाततज्ज्ञ व मेंदूविकारतज्ज्ञ दोघांनाही शंका आहे, अशा वेळी पेट स्कॅनचा विचार जरूर करावा. केवळ डोकेदुखी किंवा उदासी आहे म्हणून तो करू नये. पुढे तुलना करता यावी यासाठी, तपासणी कोणतीही झाली तरी, छापील अहवालाबरोबर मूळ प्रतिमांची सीडीही मागून घ्यावी आणि पुढचा एमआरआय शक्यतो त्याच यंत्रावर करावा.