पहिला मावळा कशात घडवावा: पॉलिमर क्ले की इपॉक्सी पुट्टी?

दिवाळीच्या किल्ल्यावर स्वतःच्या हातचे मावळे हवेत, या हौसेपायी ठाण्यातल्या घरी मी दोन्ही वापरून पाहिलं.

पॉलिमर क्ले, म्हणजे प्लास्टिकची माती, भाजेपर्यंत मऊच राहते. तीन सेंटीमीटरच्या मावळ्याचं नाक मी चार संध्याकाळी मोडलं, पुन्हा केलं. शेवटी सुईच्या टोकाने नाकपुड्या जमल्या तेव्हा काय आनंद झाला! नवशिक्याला हीच मोकळीक हवी असते. भाजायला मात्र ओव्हन लागतो, बहुतेक प्रकारांना ११० ते १३० अंश सेल्सिअस. पाकिटावरचं तापमान पाळाच. क्ले करपली की घातक धूर निघतो. शिवाय मे महिन्यात ती इतकी ढिली पडते की मध्येच थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवावी लागते.

इपॉक्सी पुट्टीचे दोन भाग एकत्र मळले की ती घट्ट होऊ लागते, आणि वेळ धावू लागते. ओव्हन नको, वाळल्यावर दगडासारखी घट्ट. पण ओली असताना बोटांना चिकटते, म्हणून कोरणी पाण्यात बुडवत राहायची आणि हातमोजे घालायचेच.

चेहरा शिकायला माझी पसंती क्लेलाच. तलवार-भाल्यासाठी आत तांब्याची तार, वरून पुट्टी.