सायकलची देखभाल: स्वतः शिकायची की दुकानात टाकायची?

सायकल घेऊन तीनचार महिने झालेत, चालवायला आवडतीय, पण आता चेन कुरकुरायला लागलीय, ब्रेक ढिला वाटतोय आणि दहापंधरा किलोमीटर झाले की गुडघा नाहीतर मनगट बोलायला लागतं, इथपर्यंत बरेच जण येतात आणि मग प्रश्न पडतो की आता काय करायचं. एक तर सायकल दुकानात टाकायची, संध्याकाळी घेऊन यायची, पैसे द्यायचे, विषय संपला. नाहीतर पाने, एलन की (सहाकोनी टोकाच्या किल्ल्या) आणायच्या आणि स्वतः शिकायचं. मी पुण्यात कर्वेनगरहून रोज सायकलनं कामाला जाते, रविवारी खडकवासल्यापर्यंत, आणि दोन्ही करून बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितीय.

माझं मत आधीच सांगते. जे काम दर आठवड्याला लागतं आणि जे फक्त तुमच्या अंगाला कळतं, ते स्वतः शिका. जे वर्षातनं एकदा लागतं, ज्याला वेगळी हत्यारं आणि हाताची सवय लागते, ते मिस्त्रीला द्या. मी बघते त्यातले बरेच जण नेमकं उलटं करतात, पहिल्याच महिन्यात व्हिडिओ बघून गिअरचे स्क्रू फिरवत बसतात आणि सीट मात्र दुकानातून आली त्या उंचीवर वर्षभर तशीच.

सीटपासूनच सुरू करते कारण इथे दुकान आणि घर यांच्यात सगळ्यात मोठा फरक पडतो. माझी सायकल दुकानातून आली तेव्हा सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकत होते, दुकानदारानं मुद्दाम तशी ठेवली होती, म्हणजे नव्या माणसाला भीती वाटत नाही. चारएक महिन्यांत गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या खाली, दुखायला लागलं. मी नी-कॅप घातली, तेल चोळलं, आठवडाभर सायकल बंद ठेवली, चालू केली की परत तेच. शेवटी ओळखीच्या एका सायकलवाल्या काकांनी मला भिंतीला धरून सायकलवर बसवलं, टाच पॅडलवर ठेवायला लावली, पॅडल एकदम खाली नेलं आणि म्हणाले, "बघ, पाय वाकलेलाच आहे अजून. टाच ठेवल्यावर तो सरळ व्हायला पाहिजे." सीट जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर वर गेली, एकदम नाही, दोन टप्प्यात, मध्ये आठवडा जाऊ दिला. महिन्याभरात दुखणं गेलं.

हे टाचेचं गणित कुणीही घरी करू शकतं. टाच पॅडलवर असताना पाय सरळ, मग पाऊल नेहमीसारखं ठेवलं, म्हणजे चवडा पॅडलच्या मधोमध, की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. टेपनं मोजायचं असेल तर अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, एक जाडसर पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये घट्ट वर सरकवायचं, जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचं माप घ्यायचं आणि त्याला ०.८८३ ने गुणायचं. ८० सेंटिमीटर आलं तर साधारण ७०.६, तेवढं अंतर क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, ज्याभोवती फिरतो त्या मधल्या बिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचं. हा आकडा फक्त सुरुवातीसाठी, पुढे गुडघाच सांगतो. पुढून दुखलं तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागून लवणीत दुखलं तर वर आहे, आणि मागून येणाऱ्याला तुमची कंबर डावी-उजवीकडे डुलताना दिसत असेल तरी वरच आहे. सीटचा दांडा वर काढताना त्यावर एक रेघ असते ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर दांडा वाकतो नाहीतर फ्रेमला तडा जातो.

आता सीट वर घेतली की जमिनीला पाय टेकत नाही आणि भीती वाटते, ही खरी अडचण आहे, आणि म्हणूनच लोक परत खाली करतात. तर सिग्नलला सीटवर बसून थांबायचंच नाही. वेग कमी झाला की एक पॅडल खाली आणायचं, त्यावर वजन देऊन सीटवरून पुढे उतरायचं आणि दुसरा पाय जमिनीवर, सायकल जराशी कलती. निघताना उलटं, एक पॅडल वर घ्यायचं, त्यावर उभं राहायचं, सायकल पुढे गेली की सीट आपोआप तुमच्या बुडाखाली येते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन संध्याकाळी हे केलं की अंगवळणी पडतं. हे दुकानात कुणी शिकवत नाही आणि सर्व्हिसिंगच्या बिलातही येत नाही, पण सायकल आरामात चालणं यावरच आहे.

हात बधिर होत असतील, करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर तळहाताच्या कडेची नस दाबली जातीय, म्हणजे अंगाचा भार हँडलवर जास्त पडतोय. आधी सीटचं नाक खाली झुकलंय का बघा, ते सपाट करा, कोपर सैल ठेवा, हँडल वर घेता येत असेल तर घ्या. सीटवर घालायचं जेलचं मऊ कव्हर मी घेऊन बघितलं, पाच किलोमीटर छान वाटतं, वीसला हाडं त्यात रुततात आणि मधला भाग दाबला जातो. पैसे देऊन करतात ते बाइक फिटिंग, म्हणजे सायकल तुमच्या अंगाच्या मापाला जुळवून घेणं, वाईट नाही, २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या) करायच्या असतील, जुनी दुखापत असेल, एक पाय आखूड असेल तर जरूर करा. रोज दहा किलोमीटर जाणाऱ्यानं आधी घरचं टाचेचं गणित करावं, पुष्कळदा तेवढंच पुरतं.

हवा आणि पंक्चर

हवा स्वतःच भरायची, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. आठवड्यातून एकदा, उभ्या पंपानं, गेज बघून. किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं, बहुतेक दोन आकडे असतात, त्यांच्या मध्ये कुठेतरी, मागच्या चाकात थोडी जास्त. पेट्रोल पंपावरचं मशीन मोटारीच्या व्हॉल्व्हला बसतं, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर नोझल बसतच नाही, आणि जुन्या काळ्या सायकलीचा रबरी नळीवाला व्हॉल्व्ह असेल तर कोपऱ्यावरचा सायकलवालाच बरा, तो अंगठ्यानं दाबून सांगतो.

पंक्चर मात्र दोन्हीकडे सारखंच चांगलं निघतं, फरक फक्त जागेचा आहे. शहरात दर दोन चौकांना कुणीतरी भेटतो, तिथे द्या, हात कशाला काळे करता. पण सकाळी साडेसहाला खडकवासल्याच्या पुढे पंक्चर झालं तर कोण भेटणार? म्हणून एकदा तरी घरी स्वतः काढून बघा. पॅच चिकटत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा घाई असतं. ट्यूब काचकागदानं घासायची, सोल्यूशन लावायचं आणि मग थांबायचं, ओलं चकचकीत दिसायचं बंद होऊन बोटाला नुसतं चिकट लागलं की पॅच दाबायचा. आणि टायर परत चढवण्याआधी आतून बोट फिरवायचं, हळू, कारण बाभळीचा काटा आतच असतो, बाहेरून दिसत नाही, तो तसाच ठेवला तर पुढच्या चौकात परत पंक्चर. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर काटा शोधू नका, हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमनं ट्यूब चिमटली.

चेन

चेनसुद्धा घरचंच काम. दुकानात सायकल तीन महिन्यांतून एकदा जाणार, पुण्याच्या पावसात चेनला तीन दिवसात गंज धरतो. भिजून आलात की जुन्या बनियनच्या चिंधीनं चेन पुसायची, पॅडल उलटं फिरवत प्रत्येक कडीला तेलाचा एक एक थेंब, पाच मिनिटं थांबायचं आणि मग वरवरचं सगळं तेल पुसून टाकायचं, कारण तेल कडीच्या आत पाहिजे, वर राहिलं की धूळ धरतं आणि काळा राडा होतो. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा निळा-पिवळा डबा गंज सोडवायला आणि साफ करायला छान, पण तेवढ्यावर चेन ठेवू नका, थोड्याच दिवसात कोरडी पडते. आमच्याकडे काही जण खोबरेल घालायचे, ते थंडीत थिजतं. शिलाई मशीनचं तेल बिनगिअरच्या सायकलीला चालून जातं, फक्त वरचेवर घालावं लागतं.

एक गोष्ट मात्र घरी पट्टी घेऊन नक्की करा. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवायचं आणि १२ इंचावर बघायचं. नवी चेन असेल तर बरोबर १२ वर पिन येते. पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ पुढे गेली तर बहुतेक मागची दातेरी चक्रंही तिनं खाल्लेली असतात, म्हणजे चेनच्या खर्चात आता कॅसेटची, त्या चक्रांच्या अख्ख्या संचाची, भर. दुकानात हे माप घेऊन दाखवणारे असतात, पण विचारल्याशिवाय क्वचितच, आणि माझी पहिली कॅसेट अशीच गेली, दोन सर्व्हिसिंगमध्ये चेन धुऊन दिली, मोजली कुणीच नाही.

ब्रेक, गिअर, चाक

इथे पारडं दुकानाकडे झुकायला लागतं. रिम ब्रेकच्या शूची (चाकाच्या कडेला दाबणाऱ्या रबराची) झीज बघणं, शू टायरला घासत नाहीये ना ते बघणं, केबल थोडी ताणून घेणं, एवढं शिका. डिस्क ब्रेक असेल तर चेनला तेल घालताना डिस्कवर थेंबही उडू देऊ नका, पॅडमध्ये तेल मुरलं की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही, मग पॅड बदलावेच लागतात. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल आणि चाक काढलेलं असेल तर लिव्हर दाबू नका. त्याच्या पुढचं, तेल बदलणं, हवा काढणं, मी करत नाही आणि तुम्हीही सुरुवातीला करू नका, ब्रेक आहे तो.

गिअरचं असं आहे की नव्या सायकलीची केबल पहिल्या काही आठवड्यात बसून थोडी ढिली होते आणि गिअर उशिरा पडायला लागतात, तेव्हा मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागावर) जिथे केबल शिरते तिथला गोल पेच पाव पाव फेरा फिरवून बघा, चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरत असेल तर सायकलच्या मागून बघताना डावीकडे. तेवढ्यानं नव्वद टक्के भागतं. एच आणि एल लिहिलेले दोन छोटे स्क्रू असतात त्यांना हात लावू नका, एल चुकला तर चेन थेट चाकाच्या तारांमध्ये जाते. आणि सायकल उजव्या बाजूला पडल्यानंतर गिअर बिघडले असतील तर बहुतेक हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो तो तुकडा, वाकलाय, तो सरळ करायचं हत्यार दुकानातच असतं.

चाकाचा आऊट काढणं, म्हणजे डुलणारं चाक सरळ करणं, तर मी बघत बसते नुसती. काका चाक उलट्या सायकलीवर फिरवतात, खडू रिमच्या अगदी जवळ धरतात, जिथे खडूची रेघ उठते तिथे थांबवतात, मग तारा दोन दोन करून बोटानं वाजवून बघतात, एखादी बसक्या आवाजाची निघते, तिला स्पोक की नं अर्धा फेरा, समोरच्या बाजूच्या तारेला पाव फेरा उलट, परत फिरवायचं. वीस मिनिटांत चाक सरळ. मी एकदा प्रयत्न केला तेव्हा दीड तासानं आऊट वाढला होता. हबचे छर्रे, बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा आस), हेडसेट (हँडल फिरतं तिथले छर्रे), आणि जुन्या सायकलीची कॉटर पिन (क्रँक आसाला धरणारी खुंटी), हे सगळं याच यादीत.

पैशाचं आणि वेळेचं म्हणाल तर उभा पंप, पंक्चर किट, टायर लिव्हर, ४, ५, ६ मिलिमीटरच्या एलन की, तेलाची बाटली, जुना टूथब्रश एवढ्यावर घरचं सगळं होतं आणि पंप सोडला तर काहीच महाग नाही. दर महिन्याला तासभर जातो. पॅडल काढायला बहुतेक १५ मिलिमीटरचा पाना लागतो, आणि डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, दोन्ही पॅडल्स पुढच्या चाकाच्या दिशेनं फिरवली की घट्ट आणि मागच्या दिशेनं सैल, असं लक्षात ठेवा, जोर लावून आटे मारून घेतलेले मी बघितलेत. दुकानात सायकल निदान एक दिवस अडकते, तीच तुमची रोजची सवारी असेल तर हा दिवस जड जातो.

तुमची सायकल कुठली आणि राहता कुठे यावरही आहे. तालुक्याच्या गावी साधी बिनगिअरची सायकल असेल तर मिस्त्री घरापासून दोन मिनिटांवर असतो आणि त्याचा हात तुमच्यापेक्षा केव्हाही बरा, तुम्ही फक्त हवा, तेल आणि सीट बघा. तिथेच हायड्रॉलिक डिस्कवाली गिअरची सायकल घेणार असाल तर शिकण्याशिवाय इलाज नाही, नाहीतर एका पॅडसाठी जिल्ह्याच्या गावाला जावं लागेल.

शिकायचं कुणाकडून? व्हिडिओत सगळं स्वच्छ आणि नवीन असतं, आपला नट गंजलेला असतो. मी सायकल देताना काकांना विचारलं, थांबून बघू का, ते म्हणाले बस की. गर्दी नसेल त्या वेळी, दुपारी तीनच्या सुमाराला जायचं, मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, शेवटी विचारायचे. पैसे ठरल्यापेक्षा कमी करायचे नाहीत. आता पाऊस थांबला की माझी सायकल परत त्यांच्याकडे जाणार आहे, मागचं चाक उचलून हातानं फिरवलं आणि सीटवर तळवा ठेवला तर बारीक खरखर लागतीय, छर्रे खोलून ग्रीस भरायला झालंय.